कटरच्या मागचं माणूस

नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. वाल्मीक. गावात सगळे वाल्मीकभाऊ म्हणतात, मी साक्षीचे बाबा म्हणते, आणि रागात असले की काहीच म्हणत नाही. तर हा माझा नवरा माझ्याशी बोलत नाही याला यंदाच्या बुद्धपौर्णिमेला दोन वर्षं झाली. भांडत नाही, दारू पीत नाही, हात उगारत नाही. नुसता बोलत नाही. ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसतो आणि मी मागून हाक मारली की दगड. पण समोरचा गिरणीवाला बन्सीलाल आला की लगेच मान वळते. वारं काय सुटलंय, कपाशी कुणी लावली, सगळ्या गप्पा होतात. मग मला सांगा, बाईमाणसानं यातून काय समजायचं?

मी एकच समजले. यानं मला माफ केलेलं नाही.

आमचा धंदा झाडं कापायचा. पेट्रोलचं कटर मशीन घेतलं तेव्हा पारोळ्यापासून धुळ्याच्या वेशीपर्यंत असलं मशीन दोघा-तिघांकडेच होतं. बाभळी, निंब, वादळात आडवे झालेले शिरीष, सगळं आम्ही कापलं. कटर चालवणाऱ्याला मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही आणि समोरच्या लाकडाशिवाय काही दिसत नाही. म्हणून आमची एक रीत होती. एकानं कापायचं, एकानं मागे उभं राहून पाहायचं. पाहणाऱ्याच्या हातात आठ फुटांचा बांबू. साखळी फिरते त्या पट्टीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, दुसऱ्या फांदीला टेकायला आलं, बकरी नाहीतर कुणाचं लेकरू जवळ आलं, दबलेली फांदी सुटायला झाली, की पाठीत बांबू टोचायचा. टोचलं की मशीन बंद. का, कशाला, ते नंतर. पंधरा वर्षं तो बांबू माझ्या हातात होता. कामावर आमचं बोलणं म्हणजे टोचणं आणि हातवारे. लोक हसायचे, म्हणायचे, बेबाबाई नवऱ्याला बैलासारखा हाकलते. हसू देत. बैलाचे चारही पाय शाबूत होते ना?

त्या दिवशी सकाळपासून आमचं वाजलं होतं. कटरच्या पुढच्या मुठीजवळ एक गार्ड असतो. मशीन उसळलं की हात त्याला लागून साखळी जागच्या जागी थांबते. तो गार्ड आठवडाभर मोडलेला होता आणि यानं तो काढून घरी ठेवला होता. म्हणे मधे मधे येतो. कानाला लावायची ती जाड झाकणंही कधी लावली नाहीत. "मी काय डीजेवाला शे का?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी म्हणाले, आधी गार्ड बसवा, मग हात लावा मशीनला. तर चार माणसांसमोर म्हणतो, "तू गुमान उभी ऱ्हाय. तुले काय समजस त्याम्हातलं?"

माझ्या नाकावरच राग. म्हटलं, मर मग तिकडं. आणि मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

मिनिटभरच. तेवढ्यात पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा आतल्या फांदीला लागला आणि मशीन उसळून त्याच्या डाव्या खांद्यात शिरलं. आवाज बदलला म्हणून मी वळले. पुढचं सांगत नाही. धुळ्याच्या दवाखान्यात अठरा दिवस होतो. जीव वाचला, हात आहे, पण खांद्याच्या वर उचलत नाही.

घरी आल्यापासून हा असा गप्प. चार महिने मी वाट पाहिली की कधीतरी शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी एका सकाळी मीच बोलले. तो दारात बसलेला, मी चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होते. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती म्हणून पाठीशी बोलले. म्हटलं, साक्षीचे बाबा, त्या दिवशी मी पाठ केली होती. रागानं केली होती. चूक माझी आहे, मला माफ करा. एवढं बोलताना माझ्या हातातली भाकरी दोनदा फाटली.

तो बसून राहिला. मग उठला, चप्पल घातली आणि गल्लीत निघून गेला. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत पाझरली असती.

त्यानंतर मीही हट्टाला पेटले. ताट ठेवायचं ते तोंड फिरवून. बोलायचं ते त्याच्या पाठीला. आणि बोलायची मात्र थांबले नाही, ती माझी जातच नाही. कुकरच्या पाच पाच शिट्ट्या होतात तरी उठून बंद करत नाही, की मी सुरू. दूध उतू गेलं, की मी सुरू. आयतोबा, मुखदुर्बळ, मातीचा देव, काय काय म्हणाले असेन. तो रस्त्याकडे बघत राहायचा. दीपनगरला दिलेली आमची साक्षी फोन करायची तर हा दोन वाक्यांत फोन माझ्या हातात द्यायचा. ती रडायची, आई, बाबा माझ्यावर पण चिडलेत का गं? मी काय सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मशीन मी हातात घेतलं. कटर चालवायला शिकवणारं दोन दिवसांचं शिबिर होतं, तिथं जाऊन नीट शिकले. पंधरा पुरुषांत मी एकटी बाई. पण पंधरा वर्षं मागे उभं राहून मी जे पाहिलं होतं ते त्यांच्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. मशीन जमिनीवर ठेवायचं, पायानं दाबायचं, मग दोरी ओढायची. हवेत लटकवून ओढायची नाही. खांद्याच्या वर कापायचं नाही. गार्ड तर मी रोज सकाळी दोनदा तपासते. डोक्याला हेल्मेट, कानाला झाकणं, डोळ्याला जाळी, पायात बूट. लोकांना वाटतं बाई अंतराळात चालली. मागे पाहायला भिकुबाई यायची, माझी चुलतजाऊ. ती नसली तर काम बंद. एकटीनं कटरला हात लावायचा नाही, मग झाड सोन्याचं का असेना.

खरं सांगू? काम करताना मला बरं वाटायचं. झाकणं कानाला लावली की सगळं गप्प. घरात जी शांतता होती तिच्यापेक्षा ही बरी. ही मी स्वतः लावलेली होती आणि मला काढता येत होती.

तर परवाची गोष्ट. आदल्या दिवशी वावटळ आली आणि बन्सीलालच्या गिरणीपुढचा जुना निंब रस्त्यावर आडवा झाला. रस्ता अर्धा बंद. भिकुबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. मी म्हणाले, ती येईपर्यंत थांबा. बन्सीलाल म्हणाला, "थांबू कसा, आक्का? दळण घेऊन बाया येणार कुठून?" आणि मला काही बोलू न देता आमच्या ओट्यापाशी गेला. त्याचा आवाज म्हणजे रांजणात बोलल्यासारखा. "वाल्मीकभाऊ, बांबू धरशात का? आक्काना मांगे उभं ऱ्हावाले मानूस नई शे."

आणि हा उठला. दोन वर्षं मी हाका मारतेय, आणि बन्सीलालच्या एका बोलण्यावर उठला! उजव्या हातात बांबू घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला. माझा जीव इतका जळला की मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण काम सुरू झालं आणि माझी मलाच लाज वाटली. कारण माणूस चोख होता. बारीक फांद्या छाटत मी पुढे सरकले आणि एक मनगटाएवढी फांदी खोडाखाली दबून कमानीसारखी ताणलेली होती, ती मला पानांत दिसलीच नाही. ती कापली असती तर सुटून तोंडावर बसली असती. पाठीत बांबू टोचला. मी मशीन बंद केलं, वळले. त्यानं बोटानं फांदी दाखवली, मग आतल्या बाजूनं थोडं थोडं काप असा हात केला. भिकुबाईला हे कधी दिसलं नसतं. मला रडूच आलं, पण जाळीमागे कोण बघतंय.

तासाभरानं पेट्रोल संपलं. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतत नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवून मी खोडावर बसले, झाकणं काढली. तो तिथंच उभा, नजर माझ्यावर. त्याच्या मागून शिवणक्लासच्या दोन पोरी सायकलवर आल्या. घंटी वाजवली. "ओ आबा, बाजूले व्हा ना!" हा हलला नाही. पुन्हा घंटी, पुन्हा "ओ आबा!" पोरीचं चाक त्याच्या टाचेपासून वीतभर. मला वाटलं, आता काय लोकांच्या पोरींशी पण अबोला? तेवढ्यात बन्सीलाल गिरणीतून गरजला, "वाल्मीकभाऊ, मांगे देखा!" आणि हा दचकून बाजूला झाला, पोरींकडे पाहून ओशाळं हसला.

चिडलेल्या माणसाचं हसू तसं नसतं. ते चोरी पकडली गेल्यासारखं होतं.

मी उठले. लांबून वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, चार हातांवर. म्हणाले, "साक्षीचे बाबा." काही नाही. जरा मोठ्यानं, "अहो!" काही नाही. तो खोडाकडे बघत होता, बाई कुठं गेली म्हणून इकडंतिकडं शोधत होता. मग मी म्हणाले, "त्या दिवशी चूक माझी होती." नेहमीच्या आवाजात, जशी चुलीपाशी म्हणाले होते. पानसुद्धा हललं नाही.

अगं बाई. कुकरच्या शिट्ट्या, फोनची घंटी, साक्षीचा आवाज, माझा आवाज. बारीक आवाज तेवढे गेले होते, बन्सीलालचा जाडा तेवढा उरला होता. डीजेवाला शे का म्हणून पंधरा वर्षं उघड्या कानांनी कटर चालवलं त्याचं हे फळ. आधी समोरासमोर भांडायचो तेव्हा माझे ओठ बघून निभावत असेल, पाठीमागून बोललेलं कसं निभावणार? आणि कुणाला कळू नये म्हणून हा रस्त्याकडे तोंड करून बसत होता.

मग दुसरी गोष्ट सुचली. म्हणजे त्यानं मला माफ केलं नाही असं नाही. त्याची कुणी माफी मागितलीच नव्हती. कदाचित मी पाठ केली होती हेसुद्धा त्याला ठाऊक नसेल. गप्प बसले तर कधी कळणारही नव्हतं. सांगितलं तर आज पहिल्यांदा कळणार होतं, आणि मग मात्र तो खरंच बोलणं टाकू शकत होता. मी पेट्रोलच्या डब्याकडे गेले आणि तो न उचलताच परत आले. बन्सीलाल म्हणाला, "आक्का, ऊन लागलं का?"

मी वाल्मीकच्या समोर गेले. हेल्मेट काढून खाली ठेवलं. म्हणाले. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्या ओठांकडे पाहिलं. पुन्हा म्हणाले. मग मी पोट आवळून ओरडले, "त्या दिनले मी रागम्हा तुमनाकडे पाठ करी उभी व्हती! मन्ही चुकी व्हती! माले माफ करा!"

गिरणीपुढच्या बाया दळणाचे डबे घेऊन जागच्या जागी थांबल्या. गल्लीला ऐकू गेलं. त्यालाही गेलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती ते कळत नाही, तोही तसाच ओरडला, "माले माहीत शे! तू रुसनी का ते देखाले मी मान फिरवी, म्हनीसन लागनं! गार्ड काढेल व्हता मीच. तुन्ही काय चुकी?"

दोन वर्षं! यानं तर माझ्याकडे बघण्यापायी खांदा गमावला होता.

मग त्याचा आवाज उतरला. म्हणाला, "पन बेबा, तू मन्हासंगे बोलनं का बरं सोडी दिनं?"

बोलणं सोडलं? मी, बेबाबाई, जिला गल्ली रेडिओ म्हणते. बोलत होते रे बाबा, रोज बोलत होते, दिवसभर बोलत होते. हे सांगायचं तर तो विचारणार, काय बोलत होतीस? मी आठवून पाहिलं. त्या दोन वर्षांत मी त्याला जे जे बोलले त्यात पुन्हा मोठ्यानं सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि ते मी आत्ताच सांगून बसले होते.