दुसरी गाठ

नवऱ्याचं ऑपरेशन अर्ध्यावर असताना सर्जनबाई बाहेर आल्या, तशी ती बाकावरून उठून उभी राहिली.

"घाबरू नका, ते ठीक आहेत," मास्क हनुवटीवर ओढत त्या म्हणाल्या. "मोठी गाठ निघाली. दुसरी सापडत नाहीये."

शेजारी बसलेल्या नणंदेने हातच जोडले. "म्हणजे औषधांनी गेली!"

"तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही, ताई."

तिला काही उमजेना. नवऱ्याच्या लिव्हरमध्ये कॅन्सरच्या दोन गाठी आहेत, हे माहेरी, सासरी, शेजारीपाजारी सांगून सांगून तिला तोंडपाठ झालं होतं. आधी औषधांनी त्या आकसवायच्या, मग पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीने काढायच्या. आता त्यातली एक हरवली म्हणे!

"सोनोग्राफी करून बघा ना," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. डॉक्टरांनाच शिकवायला निघाली होती.

"तेच चाललंय. दुर्बिणीतून लिव्हर नुसतं वरून दिसतं. म्हणून सोनोग्राफीची बारीक नळी आत घालून थेट लिव्हरवर फिरवतो. मोठी गाठ तिच्यामुळेच नेमकी कापता आली. दुसरीच्या जागी मात्र काहीच दिसत नाही. विरघळली असेल, नाहीतर दिसू नये इतकी बारीक उरली असेल."

"मग ही बातमी चांगली की वाईट?" नणंदेने विचारलं.

"बहुतेक चांगली." सर्जनबाई तिच्याकडे वळल्या. "ती जागा खोल आहे. अंदाजाने कापलं तर बराच चांगला भागही जाईल. ते मला म्हणाले होते, दिसलं नाही तर उगाच कापू नका. तुमच्याशी काही वेगळं बोलले होते?"

बोलले होते की! आदल्या दिवशीच, बॅग भरताना. 'एकदाचं सगळं काढून टाकू दे, मागे काही नको.' साधी चादर घेतानाही दुकानात दोनदा मत बदलणारा माणूस. त्याचं कुठलं बोलणं खरं धरायचं?

"सगळं काढू दे म्हणाले," ती अडखळली. "पण तेव्हा दोन्ही गाठी आहेत असंच वाटत होतं हो."

सर्जनबाईंनी मान हलवली. "सोनोग्राफीच्या डॉक्टरांना बोलावलंय. दोघं मिळून पुन्हा बघतो. तरीही नाही दिसली तर सोडते. मग मात्र तपासण्या चुकवायच्या नाहीत."

त्या आत गेल्या आणि नणंदेचा सूरच बदलला. "अगं, कापाच म्हणायला हवं होतं का गं?"

"ताई, मला नका विचारू. माझं डोकंच चालेनासं झालंय."

गाठ शेवटपर्यंत दिसली नाही. सर्जनबाईंनी ती जागा सोडून दिली.

संध्याकाळी त्याने डोळे उघडले. "दोन्ही गेल्या?"

"एक काढली. दुसरी सापडली नाही."

"सापडली नाही म्हणजे?"

तिने जमेल तसं सांगितलं.

"मग मी आता खूश व्हायचं का?"

तिने ओल्या कापसाने त्याचे ओठ टिपले. "आधी झोपा. काय व्हायचं ते उद्या दोघं मिळून ठरवू."