वाचनालयाच्या पायरीवरची मुलगी

"काका, राग मानू नका," चंद्रशेखर म्हणाला आणि हातातली घडीची खुर्ची त्याने उगाचच उघडून पुन्हा मिटली. "पुस्तक छानच आहे. पण पेरेंट्स नाराज आहेत. मुलं घरी जाऊन भलतंच विचारतात."

विलासरावांनी पुस्तक पोटाशी धरलं. लंडनच्या पिनर भागातल्या त्या चर्च हॉलमध्ये दर रविवारी मराठी शाळा भरे. चंद्रशेखर तिचा सेक्रेटरी, आणि शेवटी मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं काम विलासरावांचं. सगळी नोकरी टपालाची वर्गवारी करण्यात गेलेली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. वाचणं मात्र जमे, कारण शब्द दुसऱ्याचे असत.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांची, चित्रकारांची मुलांसाठीची पुस्तकं ते शोधून आणत. मजकुराचं मराठी करून, ठळक अक्षरांत छापून, त्याच्या पट्ट्या इंग्रजी ओळींवर चिकटवत. चित्राला धक्का लागू देत नसत. वाचण्याआधी विचारत, "गोष्ट कुणाची?" मुलं ओरडत, "ओडेसा ब्रूस्टरची!" "आणि चित्रं?" "तिच्या भावाची, सायलसची!"

गेल्या रविवारी हे पुस्तक अर्धं वाचून झालं होतं. वडील गोऱ्यांच्या वाचनालयात झाडू मारतात, मुलगी बाहेर पायरीवर बसून राहते. तिला आत मज्जाव. सायलसने पायरी पानभर काढली होती आणि मुलगी कोपऱ्यात, चिमणीएवढी. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विलासरावांना बराच वेळ पान उलटवेना. तालुक्याच्या वाचनालयाचं अंगण त्यांचे वडील झाडत, आणि ते स्वतः खिडकीखाली बसून आत कुणीतरी मोठ्याने वाचत असलेलं वर्तमानपत्र ऐकत. मुलालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. नातीला, दियाला, सांगायचं होतं. पुस्तक संपलं की, घरी जाता जाता. आठवडाभर ते त्यासाठी मनाची तयारी करत होते.

"काय विचारतात मुलं?" त्यांनी विचारलं.

चंद्रशेखरने आवाज खाली आणला. वर्गातल्या आश्लेषाने आपल्या भारतातल्या पणजीला व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, तुमच्या गावात कुणाकुणाला लायब्ररीत येऊ देत नव्हते? पणजीने फोनच ठेवून दिला. मग आश्लेषाच्या आईचा चंद्रशेखरला मेसेज आला, पाठोपाठ आणखी काही जणांचे.

"पुढे ती आत जाते," विलासराव पुटपुटले. "आज तेच वाचायचं होतं."

"जाईलच हो. पण काका, आपण इथे मराठी शिकवायला जमतो ना? ते जुनं कशाला उकरायचं?"

चहाचा थर्मास घेऊन आलेली शाळेतली शिक्षिका कस्तुरी मधेच म्हणाली, "सशाची गोष्ट घ्या ना काका. ससा कुणालाच ऑफेन्ड करत नाही."

दोघं हसले. विलासरावही हसले. चूक आपलीच असेल, त्यांना वाटलं. ही मंडळी शिकलेली, जगाची रीत जाणणारी. आपण आपलं दुखणं पोरांच्या गळ्यात बांधायला निघालो होतो की काय?

त्यांनी सशाची गोष्ट वाचली. मुलं खूप हसली. गोष्ट कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही.

स्टेशनच्या बाकावर दिया पाय हलवत बसली होती.

"आजोबा, तो मुलगी आत गेली का?"

"गेली."

"गुड." मग थोडं थांबून, "तुमच्या गावात पण असा होता? आश्लेषा म्हणते, होता."

आठवडाभर ज्याची सुरुवात सापडत नव्हती, ते तिने आपण होऊन पुढ्यात आणून ठेवलं होतं. विलासरावांनी तोंड उघडलं. पुढच्या रविवारी ही पुन्हा त्याच हॉलमध्ये, आश्लेषाच्या शेजारी बसणार. आणि तिथे कुणीतरी हिच्याकडे त्या पणजीच्या नजरेने बघणार.

"नाही गं," ते म्हणाले. "ती अमेरिकेतली गोष्ट आहे."

"ओके," दिया म्हणाली. खिशातून चॉकलेट काढून तिने अर्धं त्यांना दिलं.

मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी आली. दारं उघडली तशी दिया उडी मारून आत गेली आणि वळून त्यांना हात करू लागली. विलासराव बाजूला सरकले. मागचे सगळे चढले, मग ते चढले.