चुलीशेजारची भिंत

"पाह्यल्याबिगर काढू नको, पोरी. अन् काढलंस तर माझं तोंड नको, माझी जागा काढ."

माय गेली, तरी ब्रश हातात धरला की शीतलला हेच ऐकू यायचं. तिनं हो म्हटलं होतं. म्हणून हिंगोलीत चित्रकला शिकवणारी शीतल सुट्टीला शिरड शहापूरच्या घरी यायची आणि चुलीशेजारची भिंत समोर बसून कागदावर रंगवायची. लोकांना तिथं नुसती काजळी दिसे. तिला तवा टेकवल्याचं करडं वर्तुळ दिसे, फोडणीच्या तेलाचा तांबूस ओघळ दिसे, आणि माय खांदा टेकून बसायची तिथला घासून उजळलेला तुकडा. तो तेवढा काढायचा राहिला होता.

त्या पौर्णिमेला उपोसथाच्या व्रतासाठी अष्टशीलाचे आठ नियम घेऊन, पांढरी साडी नेसून ती आली, तर भिंत गुलाबी! भाऊ बुद्धभूषण डिस्टेंपरचा डबा घेऊन हसत उभा.

"कसं झालं, ताई? औरंगाबादचे पाहुणे येऊन राहिले ना तुझे चित्रं पाहायला. म्हणलं, घर कळकट दिसू नये."

"काहून हात लावलास?" कधी न चढणारा तिचा आवाज पत्र्याला जाऊन थडकला. "माय पुसलीस तू!"

"काजळीच व्हती ती..."

"मग हीच दाखव त्यायला! म्हणावं, आमच्या घरी चूल कधी पेटलीच न्हाई!"

"इतकी कावू नको. उपोसथ हाय ना तुझा आज?"

"हाय म्हणूनच डबा फेकून मारत न्हाई."

तो बाहेर गेला. ती धुमसत बसली. डोळे मिटूनही तो तुकडा काढता आला असता, पण न पाहता काढायचं नव्हतं. तोच राग पुन्हा पुन्हा वर यायचा.

दुपार कलली. गुलाबी रंग वाळू लागला तसा त्यातून एक पिवळट डाग वर आला. मग तेलाचा ओघळ. तव्याचं वर्तुळ. चहूकडून काजळी फुटत होती. मायच्या खांद्याची जागा तेवढी स्वच्छ गुलाबी राहिली.

भूषणनं दारातून पाहिलं. "आता गं! थांब, दुसरा हात मारतो."

"मारून तर पाह्य."

त्यानं ब्रश खाली ठेवला.

"पाहुणे आले तर बाहेरच बसव," ती म्हणाली. राग उतरला नव्हता. तिनं पांढरा पदर खोचला, स्टूल चुलीसमोर ओढलं, कागद पुढ्यात घेतला आणि राहिलेल्या त्या तुकड्यासाठी आधी गुलाबी रंग कालवायला घेतला.