नवोदित कोणाला म्हणायचं?

न्हाणीघराचं दार आतून बंद होतं आणि नळ सोडलेला होता. बारकी आत होती. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती नळ सोडते, हे आता घरातल्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

"बारके, बाहेर ये गं. पाणी वाया जातंय," आईने दार वाजवलं.

"मला कुस्ती नाही खेळायची!" आतून भिजका आवाज आला.

"जाऊ दे तिला थोडा वेळ. खेळ आहे, हार-जीत चालायचीच," बाबा खुर्चीतून म्हणाले.

आईचा पारा चढला. "हरली म्हणून मी चिडले नाही हो! पण ती समोरची मुलगी नवोदित होती? चादरीची घडी घालावी तशी तिने आपल्या पोरीची घडी घातली. आणि कुस्तीच्या आधी जांभई देत होती, जांभई!"

बारकी अकरा वर्षांची. क्लबात जायला लागून तिला जेमतेम काही महिने झाले होते. कुस्ती शिकायला लागून एक वर्षही झालं नाही अशा मुलामुलींसाठी स्पर्धेत नवोदित गट असतो. पहिल्यांदा मॅटवर उतरणाऱ्या पोरांनी घाबरू नये, बरोबरीच्या मुलांशी भिडावं, एवढाच त्यामागचा हेतू. पण बारकी तीन स्पर्धा खेळली आणि तिन्ही वेळा समोर मुरलेली मुलगी आली. शिट्टी वाजते न वाजते तोच बारकी चीत!

तिसऱ्या स्पर्धेच्या दिवशी आई तरातरा आयोजकांच्या टेबलापाशी गेली होती. आयोजकांनी पंख्याकडे बघत उत्तर दिलं, "ताई, मूल नवीन आहे की नाही ते त्याचे प्रशिक्षक सांगतात. आम्ही ते मानतो. आमच्या हातात काही नाही."

आई वीजबिलाच्या खिडकीवर कामाला होती. 'आमच्या हातात काही नाही' हे वाक्य ती स्वतः दिवसभर लोकांना ऐकवायची. ते असं उलटून अंगावर आल्यावर किती लागतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

मग तिने बारकीच्या सरांना गाठलं. सर खांदे उडवून हसले. "अहो, सगळेच करतात. थोडा दम धरा, आपलीही पाळी येईल."

त्या रात्री आईला जेवण गेलं नाही.

बारकीने मात्र कुस्ती सोडली नाही. दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच बूट घालून निघाली. वर्ष उलटून गेलं. तिचे खांदे भरले, पकड घट्ट झाली. घरात बाबांचा पाय धरून ती त्यांना सोफ्यावर आडवं करू लागली. "अगं, चहा सांडेल!" असं बाबा ओरडायचे, पण त्यांना कौतुकही वाटायचं.

पुढच्या स्पर्धेच्या आधी सर आईला म्हणाले, "बारकीला यंदाही नवोदितातच उतरवू. या वर्षी क्लबला ढाल मिळायलाच हवी. कोण विचारतंय?"

आई क्षणभर घुटमळली. पण मनात वर्षभर साचलेली चीड होती. पोरीने गाळलेले अश्रू होते. 'त्यांनी केलं तेव्हा चाललं, मग आम्हीच का सोवळं पाळायचं?' तिने मान डोलावली.

जाताना बारकीने विचारलं, "आई, मी अजून नवीन आहे?"

"सर सांगतील ते करायचं. जास्त शहाणपणा नको," आई म्हणाली. म्हणताना तिने मुलीकडे पाहिलं नाही.

पहिली कुस्ती बघता बघता संपली. समोर दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी होती. बारकीने पाय धरला, उचललं आणि पालथी घालून फिरवली. चितपट! क्लबातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आईनेही टाळ्या वाजवल्या. मग तिची नजर समोरच्या बाकावर गेली. वेण्यांच्या मुलीची आई तिथे उभी होती. हातात पाण्याची बाटली, झाकण उघडलेलं, आणि ती कोणाला द्यायची तेच सुचत नसल्यासारखा चेहरा. आईच्या टाळ्या आपोआप थांबल्या.

दुसऱ्या कुस्तीत भलतंच घडलं. समोरची मुलगी थरथरत पुढे आली. बारकीने तिचा हात धरला आणि सोडून दिला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. आणि मग त्या मुलीने जरासं ढकलताच बारकी चक्क आडवी झाली, पाठ टेकवायला निघाली!

पंचबाईंनी शिट्टी वाजवून कुस्ती थांबवली. पंचबाई म्हणजे ठेंगणी, पांढऱ्या केसांची, करड्या नजरेची बाई. त्यांनी बारकीला बाजूला घेतलं. सर आणि आई धावत पोहोचले.

"काय गं, मुद्दाम पडत होतीस ना?" पंचबाईंनी विचारलं.

बारकी बुटांकडे बघत म्हणाली, "ती सारखी तिच्या आईकडे बघत होती. मीपण तशीच बघायचे."



"किती दिवस शिकतेस?"

"गेल्याच्या गेल्या सुट्टीपासून."

सर मध्येच म्हणाले, "मॅडम, मुलगी घाबरून काहीतरी बोलते."

"सर, तिची पकड मी पाहिली. ती काही महिन्यांत येत नाही," पंचबाई म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

आता आईचा बांध फुटला. "होतं! पण माझी मुलगी मार खात होती तेव्हा कोणी विचारलं नाही! मी दारोदार फिरले. सगळ्यांनी हात झटकले. आणि आज आमच्याच वेळी बरा तुम्हाला नियम आठवला!"

पंचबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "तेव्हा तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आज नाही."

मग त्यांनी मॅटकडे बोट दाखवलं.

"तीस किलोच्या मुलीसमोर पन्नास किलोची उभी केली, तर अख्खं सभागृह ओरडेल. कारण वजन काट्यावर दिसतं. तयारी काट्यावर दिसत नाही, ती मोठ्यांनी खरी सांगावी लागते. तिथेच आपण खोटं बोललो, तर पोरांनी कोणावर विश्वास ठेवायचा? आणि हरणारीचं सोडा, तुमच्या मुलीला यातून काय मिळालं? काल जेवढं येत होतं, तेवढंच आज येतंय."

"पण ढाल..." सर पुटपुटले.

"ढाल क्लबाच्या कपाटात राहील, सर. तिच्या मनात काय राहील ते बघा."

आईने बारकीकडे पाहिलं. पोरीच्या तोंडावर जिंकल्याच्या आनंदाचा लवलेश नव्हता. अरेरे! ज्या गोष्टीने आपल्या लेकराला रडवलं, तीच गोष्ट आपण तिच्या हातून करवून घेतली!

"हिचं नाव या गटातून काढा," आई म्हणाली. "पहिली कुस्तीही रद्द धरा. त्या वेण्यांच्या मुलीला पुढे खेळू द्या."

सरांनी पाय आपटले. "तुम्ही क्लबाचं नुकसान करताय!"

"मी केलंय, सर. आता ते थांबवतेय."

ती वेण्यांच्या मुलीच्या आईकडे गेली आणि तिने माफी मागितली. त्या बाईने ऐकून घेतलं, पण चेहरा सैल केला नाही. "आता सांगून काय उपयोग? ती घरी चल म्हणून हट्ट धरून बसलीय," एवढंच म्हणाली आणि मुलीच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. आई तशीच परत फिरली. 

दुपारी पंचबाईंनी वरच्या गटातल्या एका मुलीबरोबर बारकीची मैत्रीची कुस्ती लावली. निकालात न धरली जाणारी. बारकी शेवटच्या क्षणापर्यंत झुंजली आणि थोडक्या गुणांनी हरली. लालबुंद होऊन, धापा टाकत ती आईकडे पळत आली. "आई, तिने मला खालून कसं फिरवलं पाहिलंस? तो डाव मला शिकायचाय!"

हरलेली मुलगी हसत होती!

पुढे आईने चार पालक गोळा केले आणि आयोजकांच्या मागे लागली. दोनदा त्यांनी टोलवलं, तिसऱ्यांदा ऐकलं. आता स्पर्धेच्या सकाळी नवीन मुलांच्या छोट्या सराव-कुस्त्या होतात, आणि कोणाला कुठल्या गटात ठेवायचं ते दुसऱ्या क्लबांचे प्रशिक्षक पाहून ठरवतात. अजूनही एखादा प्रशिक्षक आपल्या पोराला मुद्दाम ढिलं खेळायला सांगतो. बारकीचे सर आईशी अजून तुटकच बोलतात. वाद होतात, डोकं फिरतं. पण निदान आता कोणी पंख्याकडे बघत उत्तर देत नाही.

मंडळी, आपल्यावर अन्याय झाला की आपल्याला न्याय आठवतो, आणि आपली पाळी आली की आपण त्याला व्यवहार म्हणतो. मुलं हे सगळं बघत असतात. त्यांना सोपा विजय मिळवून देण्यापेक्षा बरोबरीचा जोडीदार मिळवून द्या. त्याच्याशी हरलेलं मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅटवर येतं.