बांधावरची तूर

पंचवीस वर्षांपूर्वी उधाणात गावच्या बांधाला खांड पडली, तेव्हा ती बुजवायची अक्कल भागोजीने लढवली. रेवसच्या अलीकडच्या त्या खारपट्ट्यात बांध फुटला की खारं पाणी भातशेतात शिरतं आणि पुढची तीन वर्षं शेताकडे फिरकायचं कारण उरत नाही. घरटी एक माणूस चिखल काढायला निघाला, तर भागोजी म्हणाला, "चिखल कशाला? फॅक्टरीचा चुना हाय की फुकटचा!" केमिकल फॅक्टरी माळावर जो राखाडी गाळ ओतायची, तो वाळला की दगडासारखा घट्ट व्हायचा. गावाने चार दिवस तो ट्रॅक्टरने वाहिला आणि खांड बुजली. लोक भागोजीला इंजिनिअर म्हणू लागले, आणि त्यालाही ते नाव फार गोड लागलं.

बुजवलेला तुकडा नेमका त्याच्याच शेताला लागून होता. त्याची बायको ठमाबाई दरवर्षी बांधावर तूर लावायची. त्या वर्षी शेजाऱ्यांची तूर कमरेएवढी झाली, हिची पिवळी पडून मेली. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी दोष कशात आहे ते भागोजीला कळून चुकलं होतं. पण इंजिनिअरने चूक कबूल कशी करायची? तो चारचौघांत हसत म्हणाला, "हिच्या हाताला गुणच न्हाय." ठमाबाईने ते खरं मानलं. तिने तूर सोडली, आणि पुढे दारातली तुळसही सुनेच्या हातून लावून घेतली.

फॅक्टरी केव्हाच बंद पडली. आता माळावरच्या त्या गाळाच्या ढिगावर जाड प्लास्टिक, त्यावर माती, त्यावर हरळी आणि वाळा लावून तो झाकायचं काम निघालं होतं. भागोजीची नात रुचिका शेतकीचा डिप्लोमा करून तिथे लागवडीवर सुपरवायझर झाली होती. माती कुठून आणायची हा प्रश्न आला, तेव्हा कंत्राटदाराने जुना बांध उकरला, कारण समुद्राकडे नवा बांध झाल्यापासून तो बिनकामाचा पडला होता. भागोजीने ओट्यावरून ते डंपर जाताना पाहिले. त्यांत आपण भरलेला गाळही चाललाय, हे त्याला कळलं. पण जिथला माल तिथे गेला, असं मनाशी म्हणून तो मूग गिळून बसला.

हरळी सगळीकडे धरली, फक्त मधला एक पट्टा पिवळा पडला. रुचिकाने दोनदा नवी लावली, स्वतः पाइप धरून पाणी घातलं. तिसऱ्यांदा जळाली तेव्हा साहेब म्हणाले, तुला जमत नाही, सोमवारपासून येऊ नकोस. ती घरी येऊन पडवीत रडत बसली.

ठमाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको गो बाय. तुझा काय दोष? माझाच हात आलाय तुझ्यात."

भागोजीने हातातली चहाची बशी खाली ठेवली. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"हात न्हाय," तो म्हणाला. "मातीच तशी हाय. त्या बांधात मीच फॅक्टरीचा गाळ भरला व्हता."

रुचिकाने डोळे पुसले. "आजोबा, हे काम सुरू व्हायच्या आधी सर्व्हेवाले दारात आले होते. गाळ अजून कुठे टाकलाय का, म्हणून विचारलं होतं त्यांनी. तुम्ही नाही म्हणालात."

"व्हय."

"आणि त्या बांधाखालच्या शेतातला भात आपण आजही खातोय."

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. पट्ट्यातली माती काढून तपासायची, शेतातलीही तपासायची, आणि निकाल येईपर्यंत शेतात कुणी काही पेरायचं नाही, असं ठरलं. तिची नोकरी राहिली. ती आजोबांकडे पुन्हा न बघताच चपला घालून साइटवर गेली.

पडवीत दोघंच उरली. ठमाबाई स्वतःचे तळहात बघत होती.

"म्हंजे माझी तूर..."

"तुझी तूर चांगली व्हती," भागोजी म्हणाला. "मला तवाच ठावं व्हतं."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त समोरच्या शेताकडे पाहिलं. उकरलेल्या बांधाच्या जागी नुसता चर राहिला होता.

"आता सांगता व्हय?" ती म्हणाली. "आता लावू कुठं?"