गोल चॅपेलभोवतीचा चर

ज्या माणसाशी मला लग्न करायचं होतं, त्यानंच माझ्या लग्नाच्या वाटेत चर खणला. संत प्रोकोपच्या चॅपेलला सगळ्या बाजूंनी, गोल, गुडघ्याएवढा खोल. तोही सणाच्या आठवड्यात!

"भिंतीला ओल चढलीय, अपोलेना," मेतोदेय म्हणाला. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, ओल दिसली की याला घास गिळवत नाही. "आठशे वर्षं उभी आहे बिचारी. माझ्या डोळ्यांदेखत कुजू देऊ होय?"

"आठशे वर्षं थांबली ना? मग एक रविवार आणखी थांबली असती, मेल्या!"

आमच्या गावची रीत आहे. चॅपेल एवढंसं, आत सगळं गाव मावत नाही. म्हणून प्रोकोपच्या सणाला गाव बाहेर उभं राहतं, भिंतीकडे पाठ करून, हातात हात धरून. ज्यांना लग्न करायचंय ते आत घंटेचा दोर धरून थांबतात. बाहेर कडं जुळलं की घंटा वाजवायची आणि त्या वर्षी चॅपेलमध्ये लग्नं लागायची. नाही जुळलं, तर जा तालुक्याच्या चर्चमध्ये. फादर हिनेक म्हणतात, धर्मात असलं काही नाही. पण कडं जुळल्याशिवाय त्यांनी कधी लग्न लावलेलं नाही. त्यांनाही याच गावात राहायचंय.

मागच्या वर्षी कडं जुळलं नाही. तरणी पोरं कामाला ब्रनो शहरात गेलेली, आणि थडग्यांच्या जुन्या शिळा भिंतीला टेकवून ठेवलेल्या, त्यांच्या बाहेरून उभं राहायचं, म्हणून कडं मोठं लागायचं. लोक म्हणाले, जा आता तालुक्याला. म्हटलं, मेले तरी जायची नाही! माझं पहिलं लग्न तिथंच लागलं होतं. लांबलचक चर्च, पुढच्या बाकांवर नवऱ्याची माणसं, माझी पार मागे. पुढे तो देवाघरी जाईपर्यंत आमचा संसारही तसाच झाला. आता मला गोल छताखाली उभं राहायचं होतं, जिथं पुढचं-मागचं काही नाही. आमच्यात म्हणतात, गोल चॅपेलमध्ये सैतानाला लपायला कोपरा नसतो. मी म्हणते, रुसून बसायलाही नसतो.

सणाच्या सकाळी गाव चराच्या बाहेरून उभं राहिलं. मी आणि मेतोदेय आत. जरा वेळानं बाहेरून नुसते उसासे ऐकू यायला लागले. मी दोर सोडून दारात आले. चरामुळं कडं आणखी रुंद झालेलं, त्यात बैलगाडी जाईल एवढी फट!

"रुमाल धरा मधे," कुणीतरी म्हणालं.

"रुमालाला का नवरी व्हायचंय?" शेजारची वेंदुला कडाडली. दरवर्षी कडं तीच लावते. "हात म्हणजे हात!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाजूला बघते तर मेतोदेय माझ्यामागून कधीच बाहेर येऊन चरात उतरलेला, भिंतीला हात लावून बघत होता. वाळली का म्हणून!

माझं डोकंच फिरलं. नव्या बुटांनिशी मी थेट चरात उडी मारली. "इथं माझं लग्न बुडतंय आणि तू भिंतीला कुरवाळतोयस?"

आणखी पुष्कळ बोलणार होते. पण पायाखाली चिखल लागलाच नाही. दगड लागला, सपाट, रुंद. झाडाच्या पारासारखा तो चॅपेलभोवती गोल फिरला होता. चॅपेलच्या पायाचा थर, इतकी वर्षं मातीखाली गेलेला. शिळा तर मेतोदेयनं खणताना बाजूला काढल्याच होत्या. माझी पाठ सरळ भिंतीला टेकली.

"वेंदुला!" मी ओरडले. "खाली ये! सगळे खाली या!"

"अगं बाई," वेंदुला उतरून पाय आपटत म्हणाली, "हा तर उभं राहायलाच केलाय!"

खरं-खोटं प्रोकोपला ठाऊक. गाव धपाधप चरात उतरलं, सणाचे गोड कोलाचे पाव खात, झगे वर धरून. फादरही झगा सावरत उतरले.

"तुम्ही दोघं आत व्हा!" वेंदुलानं आम्हाला हाकललं.

आत थंडगार अंधार. आम्ही दोघांनी दोर धरला. बाहेर वेंदुलानं शेजारच्याचा हात दाबला, त्यानं पुढच्याचा. तसं हसू भिंतीबाहेरून फिरायला लागलं. पहिल्या खिडकीच्या फटीतून ऐकू आलं, मग दुसरीच्या. वेदीमागे भिंत अर्धगोल बाहेर गेलीय, तिथं ते दबलं, आणि मी मेतोदेयचं मनगट घट्ट धरलं. मग ते पलीकडून बाहेर पडलं, तिसऱ्या फटीतून, दाराकडे.

"आलं!" वेंदुलाची किंकाळी. "माझ्या हातात परत आलं!"

मी रडत होते, हसत होते, काय करत होते देव जाणे. मेतोदेय मात्र मान वाकडी करून आतली भिंत न्याहाळत होता.

"अपोलेना, इथंही खाली वाळायला लागलंय बघ."

"राजा," मी म्हटलं, "भिंत आता आपलीच आहे. दोर ओढ."