घाम काढणाऱ्या सुटाची कबुली

मी एक जुना रबरी सूट आहे. मला अंगात घातलं की आतली वाफ बाहेर जात नाही आणि माणसाचा घाम थांबत नाही. एवढीच माझी विद्या. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे सगळे आपण किती उपयोगी पडलो तेच सांगतात. माझा काय उपयोग झाला ते ऐका आणि मग मला खुशाल नावं ठेवा.

बॉक्सिंग शिकवणाऱ्या एका सरांनी मला विकत घेऊन सरावाच्या हॉलमध्ये खुंटीला टांगलं. स्पर्धेआधी काट्यावर कुणाचं वजन जास्त भरलं की मला बोलावणं येई. मग पाणी बंद, मी अंगावर आणि जिन्याची चढउतार. दोन किलो उतरले की सर पाठीवर थाप मारत. ती थाप मला माझीच वाटे.

तिथे सोळा वर्षांचा एक मुलगा येई. जाड म्हणून सगळे त्याला ढोल्या म्हणत. ते नाव पुसायचं आणि निवड स्पर्धा जिंकून संघात जायचं, हा एकच ध्यास त्याने घेतला होता. त्याने मला इतकं वापरलं की माझ्या काखेतली शिवण उसवली. वजन करून झालं की तो मटणावर आडवा हात मारी आणि वर गोड पेयाच्या दोन बाटल्या रिचवी. एका सकाळी तो लंगडत आला. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला होता.

"मुरगळला असेल. बर्फ लाव," सर म्हणाले.

तिसऱ्यांदा अंगठा सुजला, तेव्हा त्याची आई तपासणीचा कागद घेऊन हॉलमध्येच आली.

"सर, याच्या रक्तात यूरिक ॲसिड खूप वाढलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाऊट आहे, ते ॲसिड सांध्यात साचून सूज येते. रोज गोळी घ्यायची, भरपूर पाणी प्यायचं आणि वजन हळूहळू उतरवायचं. हे असं घाम काढणं बंद. मूत्रपिंडांवर ताण येतोय."

"अहो, गाऊट म्हाताऱ्यांना होतो," सर हसून म्हणाले. "या पोराला कसला होतोय?"

पोरांनी ते ऐकलं आणि ढोल्याचा आजोबा झाला. कुणी त्याला काठी आणून दिली. तोही हसला, पण मोजे बदलायला कोपऱ्यात जाऊन बसू लागला.

चार महिने त्याने गोळी चुकवली नाही. सूज गेली, दुखणं गेलं. निवड स्पर्धा आली आणि काट्यावर दीड किलो जास्त भरलं.

"आता दुखतंय का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग गोळ्या कशाला गिळतोस? आणि आईला काही बोलू नकोस."

दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला, असं दोघेही धरून चालले. खरं तर तो अंगातच दबा धरून बसला होता. माझी उसवलेली शिवण पोराने चिकटपट्टीने बंद केली आणि मला अंगात चढवलं. त्या दिवशी मी फाटायला हवं होतं. मी फाटलो नाही.

वजन बरोबर भरलं. दुसऱ्या सकाळी मी त्याच्या पिशवीत होतो. त्याच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. तो बाकावर बूट हातात घेऊन बसला होता, कारण पाय बुटात जात नव्हता. समोरच्या मुलाचा हात वर झाला तेव्हा सर पाठ फिरवून उभे होते.

आता मला चौदा वर्षांची एक मुलगी घालते. आज तो मुलगा आपले ग्लोव्ह्ज न्यायला आला होता. तिला पाहून त्याने पाण्याची बाटली पुढे केली. "पी गं. वजन गेलं खड्ड्यात."

तिने सरांकडे पाहिलं. "नको दादा. उद्या वजन आहे."

मित्रांनो, बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. लंगडणाऱ्या मित्राला हसू नका. मला जपा, असं मात्र मी म्हणणार नाही. मोठी कात्री आणा आणि माझे तुकडे करा. जरा घाई करा, कारण ती मुलगी आत्ता मला घालून जिना चढते आहे आणि तिला तहान लागली आहे.